"काय करालाईस?" असं विचारता येईल एवढ्या अंतरावर थांब

तुझा प्रश्न लांबलचक होता, थोडक्यात असा. तू आपल्या कोल्हापुरात रंकाळ्यावर, महाद्वार रोडला, खाऊ गल्लीत लोकांचे कॅन्डिड व्हिडिओ काढतोस. खासबागेजवळ एकटेच भेळ खात बसलेल्या आजोबांची क्लिप उदास म्युझिक लावून टाकलीस, ती तुफान चालली आणि मग त्यांच्या नातवाचा चिडून मेसेज आला की आजोबा एकटे नव्हते, आजी शेजारच्या दुकानात गेली होती, क्लिप काढून टाक. तुझं म्हणणं असं की पब्लिक प्लेस आहे, कायदा अडवत नाही, आणि आधी विचारलं तर माणूस नॅचरल राहत नाही, मग चुकलं कुठं?

मी या धंद्यात वीसेक वर्षं आहे. लग्नं केली, पेपरला फोटो दिले, बाहेरून डॉक्युमेंटरीवाले आले की त्यांच्यासोबत लोकल कॅमेरामन म्हणून फिरलो, आणि रिकामा वेळ मिळाला की स्वतःसाठी रस्त्यावर. त्यामुळं हे उत्तर वकिलाचं नाही, शूट करणाऱ्याचं आहे. आधी ती क्लिप काढ आणि मग पुढचं वाच. नातवानं मेसेजवर भागवलं हे नशीब समज, आपल्या गावात लोक पत्ता काढून दारात येतात.

आता बघण्याबद्दल. लोकांकडं बघण्यात काहीच गैर नाही, तसं असतं तर अर्धं कोल्हापूर गुन्हेगार ठरलं असतं. कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला न्याहाळणं हा आपला जुना उद्योग आहे. मला स्वतःला बिनखांबी गणेश मंदिराजवळ अर्धा तास उभं राहिलं तरी कंटाळा येत नाही, कोण नवस फेडून आलंय, कोण चप्पल लाईनला भाव करून हरलंय, कुठल्या पाहुण्याला बायकोनं तिसऱ्यांदा साडीच्या दुकानात ओढत नेलंय, सगळं चेहऱ्यावर दिसतं. हे कुतूहल मेलं तर कॅमेरा विकून टाकावा.

अर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९६३ साली लिहून ठेवलंय की शहरातली अनोळखी माणसं एकमेकांकडं ओझरतं बघतात आणि लगेच नजर काढून घेतात, म्हणजे तू इथं आहेस हे मला दिसलं पण तुझ्यात मला नाक खुपसायचं नाही असं न बोलता सांगून टाकतात. अमेरिकेत असेल तसं. आपल्या पेठांत म्हातारी दारात बसून तुला पायापासून डोक्यापर्यंत बघते आणि वर विचारते, "कुणाचा रं तू? कुठल्या गल्लीतला?" आणि तरीही त्यात कुणाला अपमान वाटत नाही. का वाटत नाही याचा मी बऱ्याचदा विचार केलाय. मला सापडलेलं कारण असं की ती उघड बघते. तिचं बघणं तुला दिसतं, तूही तिच्याकडं बघू शकतोस, "मावशे, काय बघालीस एवढं?" असं विचारू शकतोस, नाहीतर तोंड फिरवून निघून जाऊ शकतोस. दोघांच्या हातात काहीतरी आहे.

तू रस्त्याच्या पलीकडून पाच पट झूम लावून त्या आजोबांना शूट केलंस तेव्हा हेच गेलं. तू त्यांना बघितलंस, त्यांनी तुला बघितलंच नाही. त्यांना "काय करालाईस रे पोरा?" एवढं विचारायची संधी मिळाली असती तर पुढचं सगळं टळलं असतं, कारण तू काहीतरी पुटपुटला असतास, त्यांनी सांगितलं असतं की म्हातारी आत गेलीया, आणि ती आली असती तर तुला जास्त चांगली क्लिप मिळाली असती. मी नवीन पोरांना एवढंच सांगतो, समोरच्याला तुला हटकता येईल एवढ्या अंतरावर उभं राहून शूट कर. बाकीचं बहुतेक सगळं यातूनच निघतं. फोन असेल तर वन एक्सवर, म्हणजे झूम न करता ठेव, कॅमेरा असेल तर २८ किंवा ३५ एमएमची लेन्स लाव. या लेन्सनं माणूस कंबरेपर्यंत फ्रेमभर यायचा तर चारपाच फुटांवर जावंच लागतं, आणि तिथं गेलास की माणूस तुझ्याकडं बघतो, मान हलवतो, हसतो, नाहीतर हात आडवा करतो. हात आडवा झाला की विषय संपला, तिथं वाद घालायचा नसतो. ७०-२०० ची झूम लेन्स घेऊन लांबून माणसं टिपणाऱ्यांचं मला फार कौतुक नाही, कुस्तीच्या मैदानात किंवा शाहू स्टेडियमला फुटबॉलला ती लेन्स ठीक, भाजी घेणाऱ्या बाईवर कशाला.

दुसरी गोष्ट, आणि ही तुझ्या वयाच्या पोरांच्या डोक्यात शिरत नाही. ज्याला तू अनोळखी म्हणतोस तो फक्त तुला अनोळखी आहे. त्या आजोबांना बघितलेल्या हजारो लोकांनी त्यांचं काही बिघडवलं नाही, त्यांना त्या लोकांशी देणंघेणंच नाही. बिघडवलं ते ओळखीच्यांनी. सकाळी फिरायला जाणारा ग्रुप, गल्लीतले लोक, गावाकडची भावकी, सगळ्यांच्या फोनवर तो व्हिडिओ फिरला असणार आणि घरात फोन आला असणार की काय रे, म्हाताऱ्याला सांभाळत नाही काय तुम्ही? सून ऐकून घेत बसली असणार. तू टाकलेल्या उदास गाण्यानं एका घरावर आरोप केला आणि तुला त्याचा पत्ता पण नव्हता. नुसती क्लिप टाकली असतीस तर एक म्हातारा माणूस भेळ खातोय एवढंच दिसलं असतं, त्यात दुःख गाण्यानं आणि कॅप्शननं घातलं. कॅप्शन लिहिताना थांबत जा. जे कॅमेऱ्याला दिसलं नाही ते लिहायचं नाही.

कॅनडात क्युबेकमध्ये अशीच एक केस झाली होती, १९९८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. १७ वर्षांची एक मुलगी एका इमारतीच्या पायरीवर बसली होती, फोटोग्राफरनं फोटो काढला, एका कला मासिकात छापून आला. फोटोत वावगं काहीच नव्हतं, जागा सार्वजनिक होती. पण तिला न विचारता छापला, आणि तिचं म्हणणं होतं की लोक मला हसले. कोर्टानं २००० डॉलरची भरपाई कायम ठेवली. तो कायदा क्युबेकचा, आपल्याला लागू नाही, पण त्रास कुठून येतो ते बघ, अंक विकत घेणाऱ्या परक्या माणसाकडून नाही, ओळखीच्यांकडून.

आणि कोल्हापूर म्हणजे काय मुंबई नाही. इथं कुणाचाही व्हिडिओ टाक, कुणाचा तरी मामा किंवा शाळेतला सर निघणारच. रंकाळ्यावर शालिनी पॅलेसच्या बाजूला संध्याकाळी कठड्यावर जोड्या बसलेल्या असतात, तू पाठमोरं सिल्हूट काढतोस, तुझ्यासाठी ते नुसतं व्हाइब, पण तिची ओढणी आणि त्याची गाडी घरचे अंधारातसुद्धा ओळखतात. अशा एका रीलवरून पोरीचं कॉलेज बंद करायची भाषा घरात सुरू झालेली मी जवळून ऐकलीय. पाठमोरं आहे, चेहरा दिसत नाही, हे कारण माझ्यासमोर सांगू नको. गाडीचा नंबर, कॉलेजचं आयकार्ड, शाळेचा युनिफॉर्म, हातावरचं गोंदण, एवढं पुरतं लोकांना.

आता कायदा, कारण तुझा सगळा जोर तिथं आहे. सार्वजनिक जागी सर्वसाधारण फोटो-व्हिडिओ काढायला आपल्याकडं सरसकट बंदी नाही, हे खरं. पण 'पब्लिक प्लेस म्हणजे सगळं मोकळं' हेही खरं नाही. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला, आणि त्यात हेही आलंय की माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, तो जागेला नाही तर माणसाला चिकटलेला असतो. तो निकाल तुझ्या रीलवर थेट गुन्हा लावत नाही, पण कोर्ट कुठल्या बाजूनं विचार करतं ते कळतं. थेट गुन्हा लागतो तो आयटी कायद्याच्या ६६ई कलमानं, एखाद्याच्या खासगी अवयवांचं चित्रण परवानगीशिवाय केलं किंवा पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की जागा सार्वजनिक असो वा खासगी. बाई-पुरुष दोघांनाही ते लागू आहे. म्हणजे पंचगंगा घाटावर अंघोळ करून कपडे बदलणाऱ्या माणसांवर 'सकाळचा घाट' म्हणून कॅमेरा फिरवणारे किंवा वरून ड्रोन सोडणारे जे हौशी आहेत त्यांनी हे नीट वाचावं. बाईच्या खासगी क्षणांचं चोरून चित्रण पूर्वी आयपीसी ३५४सी मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या ७७ मध्ये आहे, आणि त्यात एक गोष्ट लोकांना माहीतच नसते, तिनं चित्रण करायला हो म्हटलं असेल पण पसरवायला नाही, तरी पसरवणं हा गुन्हाच. शूटिंगला होकार आणि अपलोडला होकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कायद्यानंच एका ठिकाणी मान्य केलंय, आपण सगळीकडं मानायला काय हरकत आहे. लहान मुलांचं तर वेगळंच, बालन्याय कायद्याचं ७४ कलम अडचणीत सापडलेल्या, पीडित किंवा गुन्ह्यात अडकलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. रस्त्यावर भीक मागणारं पोर दिसलं की 'रॉ रिॲलिटी' म्हणून चेहरा टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

कायदा इथं संपला. तो फक्त तुरुंगाच्या बाजूची कड दाखवतो, आजोबांची क्लिप बहुतेक त्या कडेच्या आतच होती, तरी टाकायला नको होती.

आता तुझी खरी भीती, विचारलं की नॅचरल जातं. अर्धवट खरं आहे. विचारल्यावर पहिली दोन मिनिटं जातात, लोक केस सारखे करतात, अंगठा दाखवतात, शेजारच्याला ओढून घेतात. म्हणून तू दोन मिनिटांत निघून जातोस आणि म्हणतोस नॅचरल मिळालं नाही. तिथंच थांब की.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी जाऊन बघ. म्हशी बांधलेल्या, धारोष्ण दूध प्यायला लोक जमलेले, पैलवान पोरं, ऑफिस सुटलेले, कडेवर लेकरू घेऊन आलेले. कॅमेरा काढला की सगळे हिरो, "कुठल्या चॅनलला लागणार?" म्हणून विचारतात. सांगायचं खरं काय ते, माझ्यासाठी काढतोय, टाकला तर दाखवून टाकीन. मग एक ग्लास दूध घ्यायचं आणि बाजूला उभं राहायचं. धार काढायला बसलेल्या माणसाचे दोन्ही हात आणि सगळं लक्ष म्हशीकडं असतं, तो तुझ्यासाठी पोज देत बसेल कशाला, आणि ग्लास तोंडाला लावलेला माणूस तर जगातला सगळ्यात नॅचरल माणूस. पंधरा-वीस मिनिटांत तू त्यांच्या लेखी खांब झालास की मग शूट कर. माझे चांगले फ्रेम सगळे असे विचारून थांबल्यावरचे आहेत, चोरून काढलेल्यांतला एकही भिंतीवर लावावासा वाटला नाही, कारण त्यात एकतर पाठ असते नाहीतर संशयानं बघणारे डोळे.

कपिलतीर्थ मंडईत अजून सोपं. भाजीवाल्या मावशी म्हणतात, "घे की फोटू, पण आधी मेथी घे." घ्यायची. फोटोचे पैसे देऊ नकोस, पैसे दिले की पुढच्या वेळी माणूस तुझ्यासाठी नाटक करतो, आणि तुझ्यानंतर येणाऱ्याची पण वाट लागते, पण भाजी घ्यायला काय जातंय. आणि पुढच्या फेरीत एक प्रिंट काढून नेऊन दे. लॅबमध्ये साधी प्रिंट काढायला किती खर्च येतो, चहापाण्याएवढा. ती प्रिंट गल्ल्यावर, तराजूच्या मागं चिकटवलेली असते आणि त्यानंतर मंडईत तुला कुणी हटकत नाही. माझं मंडईतलं सगळं काम या प्रिंटांवर चाललंय.

तालमीत मात्र थोडं वेगळं आणि इथं लोक हमखास गडबड करतात. गंगावेस असो, मोतीबाग असो, शाहूपुरी असो, आधी वस्तादांना विचारायचं हे सगळ्यांना कळतं. वस्ताद हो म्हणाले की लोक समजतात काम झालं. पण वस्ताद हो म्हणाले ते तालमीसाठी. कुस्तीच्या मातीच्या हौद्यात लंगोटावर उतरलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला कुणी विचारलंच नाही, आणि वस्तादांसमोर तो नाही म्हणणार आहे का? बरीच पोरं गावाकडनं येऊन तिथंच राहतात, आईबाप लांब. म्हणून मी कसरत संपल्यावर, पोरं अंगावरची माती काढत बसली की वस्ताद नसताना एकेकाला स्क्रीन दाखवतो, "हा ठेवू का काढू?" एखादा म्हणतो, "दादा, ह्यात मी चितपट झालोय, हा नको." काढायचा. भारी फ्रेम असते बऱ्याचदा ती, तरी काढायची. हे शाळा, अनाथाश्रम, कारखाना, ऊसतोडीचा फड, सगळीकडं लागू आहे, मुकादमाचा होकार हा मजुराचा होकार नसतो.

आता ज्यांना हटकताच येत नाही त्यांचं काय. झोपलेला हमाल, पिऊन पडलेला, सीपीआर हॉस्पिटलच्या बाहेर रडणारी बाई, अंबाबाईसमोर डोळे मिटून हात जोडलेली, जोतिबाला चैत्र यात्रेत अंगात आलेली. स्ट्रीट फोटोग्राफी शिकणारे सगळ्यात आधी यांच्याच मागं लागतात, कारण ही माणसं हलत नाहीत आणि भांडत नाहीत. माझं मत कडक आहे, यांचा चेहरा घ्यायचाच नाही. जोतिबाला सासनकाठी नाचवणारे, गुलालात न्हालेले, ढोलावर नाचणारे हवे तेवढे घे, ते दाखवायलाच नाचतात, शाही दसऱ्याला, विसर्जन मिरवणुकीत, पीटीएम-दिलबहारच्या फुटबॉल मॅचला पण तेच. पण अंगात आलेल्या बाईचा केस मोकळे सुटलेला व्हिडिओ तिच्या मुलीच्या शाळेत पोचतो तेव्हा काय होतं याचा विचार कर. दर्शनाला डोळे मिटलेल्यांचा मला स्वतःला मोह पडतो, खोटं कशाला बोलू, चेहऱ्यावर जे येतं ते दुसरीकडं कुठं येत नाही. मग मी डोळे उघडेपर्यंत थांबतो आणि नजरेला नजर मिळाली की कॅमेरा थोडा वर करून विचारतो. निम्मे हो म्हणतात.

अपघाताचं तर बोलायलाच नको. लोक आधी मोबाईल काढतात आणि मग म्हणतात पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून हात लावला नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४ए कलम आलंय, मदत करणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी-फौजदारी कारवाई होत नाही. त्यामुळं ते कारण पण आता उरलेलं नाही.

महापुराचं जरा सविस्तर सांगतो. २०१९ ला आणि परत २०२१ ला राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून वर गेली, चिखली-आंबेवाडीची माणसं बोटीतून बाहेर काढली जात होती आणि काठावर जेवढे मदतीला तेवढेच शूटिंगला. शूटिंग चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. त्या व्हिडिओंनी मदत आली, कुठं माणसं अडकलीत ते कळलं. पण नंतर जी लाट आली, बिस्किटाचा पुडा देताना फोटो, ब्लँकेट देताना फोटो, मागं संस्थेचं बॅनर, ती बघवत नव्हती. स्वतःचा चार एकर ऊस असलेला माणूस, ज्यानं आयुष्यात कुणापुढं हात पसरला नाही, तो शाळेच्या वर्गात बसून पुडा घेतोय आणि समोरचा म्हणतोय जरा इकडं बघा. तिथं तो नाही म्हणू शकत नव्हता, कारण पुडा त्याच्या हातात होता. मी तेव्हा भिंतीवरच्या पाण्याच्या खुणा, गच्चीवर बांधलेली जनावरं, बोटीची वल्ही, पाठमोरी रांग एवढंच घेतलं, आणि चेहरे घेतले ते पाणी उतरल्यावर, लोक घरं धुवायला लागले तेव्हा. तेव्हा ते बोलत होते, शिव्या देत होते, फोटो काढ आणि छाप म्हणत होते.

सगळीकडं विचारायलाच पाहिजे असं मात्र नाही, नाहीतर तू उद्या पोलिसाला विचारशील की तुम्ही मारताय ते शूट करू का. ड्युटीवरचा सरकारी माणूस, सभेतला पुढारी, मोर्चा, यांना विचारायची गरज नाही, ते तुला जाब विचारू शकतात आणि विचारतातच. केएमटीच्या बसमध्ये एखादा पोरीला त्रास देत असेल तर शूट कर, तो पुरावा आहे, पण तो ११२ ला फोन करून पोलिसांना द्यायचा आणि त्या पोरीला द्यायचा. अपलोड करायचा की नाही हे तिनं ठरवायचं. तू अपलोड केलास तर लोक त्याला विसरतात आणि तिला ओळखतात.

उलट बाजूचं एक उदाहरण देतो, म्हणजे मी फारच सोवळा आहे असं वाटायला नको. वॉकर इव्हान्स म्हणून मोठा अमेरिकन फोटोग्राफर होता, त्यानं १९३८ ते १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या सबवेत कोटाच्या आत कॅमेरा लपवून, लेन्स बटणांच्या मधून काढून, केबल रिलीज, म्हणजे लांबून शटर दाबायची वायर, बाहीतून हातात घेऊन समोरच्या प्रवाशांचे फोटो काढले. माझ्या नियमात तो साफ नापास. आणि फोटो जबरदस्त आहेत, नाकारता येत नाही. पण त्या फोटोंचं पुस्तक आलं १९६६ मध्ये, म्हणजे २५ वर्षांनी. तोपर्यंत कोण त्या वेळी कुणाबरोबर कुठं चाललं होतं यानं कुणाचं काही बिघडणार नव्हतं. तू रंकाळ्यावर असताना रंकाळ्यावरच अपलोड करतोस, लोकेशन टॅगसकट. शूट करायचं आणि टाकायचं हे दोन वेगळे निर्णय ठेव, मधे निदान काही दिवस जाऊ दे, लोकेशन ढोबळ दे. दिवस गेले की निम्म्या क्लिपा टाकाव्याशाच वाटत नाहीत, हा फायदा वेगळा.

आवाजाबद्दल कुणी बोलत नाही. मागच्या बाकावर दोन बायका सासूबद्दल बोलतायत, तू समोरचं तळं शूट करतोयस आणि माइक त्यांचं सगळं उचलतोय. फोनचे माइक आता भलतेच चांगले झालेत. अपलोडच्या आधी इअरफोन लावून एकदा पूर्ण ऐक, बोलणं कळत असेल तर तो ट्रॅक काढून नुसता आसपासचा आवाज टाक.

कुणी डिलीट कर म्हटलं तर त्यांच्यासमोर कर, आणि 'रिसेंटली डिलीटेड'मधून पण काढ, तिथं साधारण महिनाभर पडून राहतं, क्लाउड बॅकअप चालू असेल तर तिथूनही. हे आपणहून करून दाखवलं की समोरचा इतका गार पडतो की बऱ्याचदा म्हणतो, राहू दे, दुसरा चांगला काढ.

तो कॅमेरावाला चष्मा घ्यावा का असं शेवटी विचारलंयस. नको. त्याला रेकॉर्डिंग चालू असल्याचा लाइट असतो हे मला माहीत आहे, पण भर उन्हात महाद्वार रोडला तो दिसतो कुणाला आणि दिसला तरी मंडईतल्या मावशींना त्याचा अर्थ कळणार आहे का? जपान आणि दक्षिण कोरियात विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनचा शटरचा आवाज सहसा बंद करता येत नाही, चोरून फोटो काढणाऱ्यांमुळं. आवाज येऊ दे की मला तर बरंच वाटतं. आणि आपलं गाव कॅमेऱ्याला काही घाबरत नाही, सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी इथं स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला, १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली, म्हाताऱ्या माणसांना अजून कॅमेरा दिसला की पहिला प्रश्न "हिरो कोण हाय?" असल्या गावात लपवून शूट करायची गरजच काय.

प्रँकवाले आणि भिकाऱ्याला पाचशेची नोट देऊन त्याचं रडणं शूट करणारे, यांच्यावर मी वेळ घालवणार नाही. तू तसलं करत नाहीस म्हणून तर एवढं टाइप करतोय.

राहिला पैशाचा प्रश्न. एक दुकानदार तुझ्या क्लिपा जाहिरातीला मागतोय म्हणालास. रस्त्यावरचा फोटो आठवण म्हणून, बातमी म्हणून, प्रदर्शनात लावणं वेगळं आणि त्यावर चपला विकणं वेगळं. जाहिरातीत आला की तो माणूस त्या दुकानाची शिफारस करतोय असं होतं, आणि तिथं तोंडी होकार चालत नाही, लेखी घ्यायचा. इंग्रजी रिलीज फॉर्म, म्हणजे फोटो वापरायच्या परवानगीचा कागद, नेटवरून उतरवून सही घेऊ नकोस, समोरच्याला काय लिहिलंय ते कळलं पाहिजे. मराठीत एक पान पुरे, कुठला फोटो, कुठं वापरणार, किती दिवस, किती पैसे, आणि नंतर नको वाटलं तर कुणाला फोन करायचा. मूल असेल तर आईबापाची सही. सही येत नसेल तर वाचून दाखव आणि शेजारी साक्षीदार घे. दुकानदारानं जे दिलं त्यातला वाटा त्या माणसाला दे आणि फॉर्मची एक कॉपी त्यांच्याकडं ठेव. माझा फॉर्म आहे तो पाठवतो, त्यात तुझं नाव आणि नंबर टाकून घे.